दुसरा कौल

डावं फूल पडलं. भाऊसोंनी हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. बायकोचा पाय कापायचा का, असा त्यांचा सवाल होता. देवाच्या खांद्यांना चिकटवलेल्या दोन फुलांतलं उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही; बिरोबाच्या या देवळात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं. पुजारी केरबानं पडलेलं फूल उचलून ताटात ठेवलं आणि देव नको म्हणतोय, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

भाऊसोंची बायको, धोंडुबाई, देवळाच्या दारात वडापच्या जीपमध्येच मागच्या बाकावर आडवी होती. शुगरनं तिचा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. सांगलीच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं, उद्यापर्यंत पाय काढला नाही तर विष वर चढेल, मग आमच्या हातात काही नाही. नवरा तयार होता, लेक तर सकाळपासून हातापाया पडत होती. पण धोंडुबाईच अडून बसली. देवानं उजवा कौल दिल्याशिवाय पाय देणार नाही, आणि बळजबरीनं नेलंत तर ऑपरेशनच्या टेबलावरून उठून येईन म्हणाली. तिचं म्हणजे तिचं, तिथं कुणाचं काही चालत नाही. म्हणून सांगलीला निघालेली जीप वाटेत इथं थांबली होती.

अजून एक सवाल शिल्लक होता. इथली रीतच तशी. एका दिवसाला दोनच कौल, पहिला घरच्या कर्त्याचा, दुसरा ज्याचं दुखणं त्याचा. त्यानंतर थेट रविवारी, आणि या बाईचा रविवार कुणी बघितलाय? धोंडुबाईनं लेकीला जवळ बोलावलं. अपेक्षा साताऱ्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची, घरात तेवढीच काय ती शिकलेली.

"माझा सवाल तूच इचार," धोंडुबाई म्हणाली. "तुला नीट मांडता येतंय. पायाचं ऱ्हाऊ दे. मला सांगलीला न्यायचं का, एवढंच इचार. त्यो व्हय म्हनला, तर मग डाक्तर काय करंल ते करू दे."

म्हणजे तिलाही जगायचं होतं. फक्त देवाच्या तोंडून ऐकायचं होतं.

अपेक्षा देवासमोर येऊन उभी राहिली. दोन फुलं, म्हणजे निम्मी आशा. आईच्या जिवाला निम्मीच? तिला ते पुरेना. आणि मग तिला क्लासातला फळा आठवला. सरांनी एकदा त्यावर लिहिलं होतं, 'या प्रश्नाला तुमचं उत्तर "नाही" असं असेल का?' हो म्हटलं तरी चूक, नाही म्हटलं तरी चूक. अख्खा वर्ग खुळ्यागत एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसला होता. तोच सवाल देवाला घातला, तर फूल कुठलं का पडेना, कौल खोटाच ठरणार. हा खोटा ठरला की मघाचाही निकालात निघाला. मग आईला अडवायला उरतंय काय? इथं निम्मं नव्हतं, पुरं होतं. त्या घालमेलीतही तिला हुरूप आला.

तिनं मोठ्यांदा विचारलं, "देवा, आता तू डावा कौल देणार हाईस का?"

केरबा तिच्याकडं बघतच राहिला. असला सवाल त्यानं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. पण सवाल तो सवाल. त्यानं दोन ताजी फुलं पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवली. जीपमधून धोंडुबाई मान वर करून बघायला लागली. बराच वेळ काही हललं नाही, आणि मग डावं फूल घसरून खाली आलं.

अपेक्षानं सगळ्यांना सावकाश समजावून सांगितलं. डावं पडलं, म्हणजे देव नाही म्हणाला. डावा कौल देणार नाही म्हणाला, आणि दिला तर डावाच. उजवं पडलं असतं तरी असंच खोटं ठरलं असतं. तेव्हा या फुलांवर आता थांबायचं काही कारण नाही, चला सांगलीला. तिचं म्हणणं बिनचूक होतं. त्यातल्या एका शब्दाला हात लावायला जागा नव्हती.

भाऊसोंना ते उमगायला वेळ लागला. उमगलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"देव खोटं बोलत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "त्येला तू कोंडीत धरलंस. आईचा जीव टांगणीला लागलाय आन् तू देवाची परीक्षा घेत बसलीस."

अपेक्षानं केरबाचे पाय धरले. आणखी एकदा, फक्त एकदा, साधा सवाल विचारते म्हणाली. केरबाचा जीव तुटत होता, पण त्यानं ताट आत नेलं आणि रविवारी या म्हणाला. मग ती जीपकडं धावली. आईला शपथा घातल्या, रडली, भांडली. धोंडुबाईनं मान हलवली. तिनं जीपमधून जे बघायचं ते बघितलं होतं. दोनदा कौल लावला आणि दोन्ही वेळा डावं पडलं.

जीपवाल्यानं कुठं घ्यायची म्हणून विचारलं. भाऊसोंनी गावाकडं हात केला.

वाटेत धोंडुबाई लेकीच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. रागाचा लवलेश नव्हता तिच्या आवाजात.

"आपे," ती म्हणाली, "मी सांगितलं तसं साधं इचारलं असतंस, तर उजवं पडलं असतं का गं?"

अपेक्षा आईच्या पायावरच्या माश्या ओढणीनं हाकलत राहिली.