पक्षादेश
अंबिकाताई सिल्लोडच्या शाळेत शिकवायच्या. तिथून जिल्हा परिषद, मग विधानसभा आणि सहा वर्षांपूर्वी लोकसभा. धरणातलं पाणी आधी कारखान्यांना आणि उरलं तर गावांना देणारं विधेयक परवा दिल्लीत मतदानाला आलं. सगळ्यांनी हिरवं बटण दाबायचं, असा पक्षादेश होता. ताईंनी लाल दाबलं. आज सकाळी गारखेड्यातल्या त्यांच्या कार्यालयासमोर शहराध्यक्ष विश्वजित चार कार्यकर्ते घेऊन उभा राहिला. पक्षाची पाटी उतरवायचा हुकूम आला होता. "ताई, अजून वेळ गेली नाय," तो म्हणाला. "दोन ओळींचा माफीनामा लिहून द्या, मी वर बोलतो. नायतर खासदारकीपण जाईल." "जाऊ दे," ताई म्हणाल्या. "माफी कशाची मागू? आपल्या बाया अजून टँकरमागं पळतात, आणि त्यांच्याच वाट्याचं पाणी मी देऊन टाकू?" विश्वजितनं नजर वळवली आणि कार्यकर्त्यांतल्या बन्सीला खूण केली. म्हातारा बन्सी स्टुलावर चढला. ही पाटी पूर्वी त्यानंच लावली होती. आता तो पाटीवरची धूळ बाहीनं पुसत राहिला. ताईंनी पुढं होऊन स्टूल धरलं. "सावकाश काढ बन्सी. तुझा काय दोष?" पाटी खाली आली. बन्सी पक्कड घेऊन भिंतीतले खिळे उपटायला लागला, तसा ताईंचा आवाज चढला. "खिळे राहू दे! दुपारी तिथं माझ्या नावाची पाटी लावायचीय."