बाबांची करंगळी

रविवारी म्हेत्रेंच्या टेबलावर घरभराचे ठसे नुसते धावत होते. हल्लीची ठशांची शाई असतेच तशी. बोट टेकवलं की ठसा त्या माणसासारखा वागायला लागतो. आईचा अंगठा कागदभर फिरून सांडलेले ठिपके ओळीत लावत होता. मोठ्या अन्वीचा रुसून कोपऱ्यात बसला होता आणि सहा वर्षांच्या निमिषचा तर कागद सोडून थेट टेबलक्लॉथवर!

तेवढ्यात निमिषने जिन्याखालचं कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं आणि त्याचाही पंजा उमटवला.

"कुत्रं घरात नको म्हणजे नको!" बाबा गरजले. "संध्याकाळच्या आत सोडून यायचं."

"बरं. पण आपल्या ठशांच्या चित्रात तुम्ही तरी या ना, बाबा," निमिष रडवेला होऊन म्हणाला.

बाबा हुशार! अंगठा सगळं बोलून टाकतो, म्हणून त्यांनी नुसती करंगळी टेकवली, तीही अगदी कडेला. तर तो एवढासा ठिपका जो सुटला, तो थेट पंज्यापाशी जाऊन त्याला बिलगून आडवाच झाला!

"पंख्याचा वारा लागला," म्हणत बाबा त्याला पट्टीने मागे ढकलायला लागले. आईने उठून पंखा बंद केला. ठिपका पट्टीवरून उडी मारून परत पंज्यापाशी.

रुसलेल्या अन्वीलासुद्धा हसू आवरेना. शेवटी आईनेच विचारलं, "मग नाव काय ठेवायचं याचं?"

"मोती नको," पट्टी खाली ठेवत बाबा म्हणाले, "सगळेच ठेवतात."