वॉचमनचं नाव

शुक्रवारची सुट्टी. दुबईत अल क्वोजच्या कामगारांच्या खोलीत सगळे हाँगकाँगची पोलिसांची फिल्म बघत होते, खऱ्या दरोड्यावरची. पडद्यावर खाली येणारं इंग्रजी सतीश मराठीत मोठ्याने सांगायचा. वॉचमन पहिल्याच गोळीत मेला आणि खोली त्याला तिथेच विसरली.

गणू सोडून. त्याचा भाऊ भिवा शारजात रोल्लाच्या सोन्याच्या दुकानावर वॉचमन होता, दरोड्यात असाच मेला. पेपरात लुटलेल्या सोन्याचं वजन आलं, भिवाचं नाव नाही.

शेवटी मेलेल्यांच्या नावांची पाटी आली.

"खलास, बंद कर," कुणीतरी म्हणालं.

"थांब. सतीश, वॉचमनचं नाव घातलंय का रे?" गणूने विचारलं.

सतीशने पाहिलं. पाटीवर सगळे पोलीसच होते.

"घातलंय की. सगळ्यात वर. भिवा रावजी कदम."

गणू टीव्हीकडे बघतच राहिला.

"परत वाच," म्हणाला.