मालकाची सही

क्रेननं होडी ट्रकवरून उतरवली तेव्हा इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. सात वर्षांनी त्या तिला बघत होत्या. दाभोळच्या खाडीतली होडी चाकणच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडपुढं, कोरड्या काँक्रीटवर कलंडून पडली.

"मावशी, कशाला आलात? सहीचा कागद घरी पाठवला असता," सुपरवायझर धनेश म्हणाला. "फायबर कुजत नाही, भंगारवालाही घेत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या बेवारस होड्या आता इकडं येतात. आम्ही कापून भरडतो. चुरा सिमेंटच्या भट्टीत जातो."

"बेवारस नाही हो ती. ह्यांची आहे."

ह्यांची म्हणजे भैरूची, त्यांच्या नवऱ्याची. तो एकटाच मासेमारीला गेला आणि परतला नाही. चौथ्या दिवशी पाण्यानं भरलेली होडी खडकांत अडकलेली सापडली. खडकानं फोडली, इंजिन लाटेनं नेलं, असं गाव म्हणालं. दिवस घाला, असंही म्हणालं. इंदुताईंनी घातले नाहीत. मुलीला, पिंकीला घेऊन त्या चाकणला आल्या आणि एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटू लागल्या. फोनचा नंबर बदलला नाही. मंगळसूत्र काढलं नाही. पिंकीच्या लग्नपत्रिकेत भैरूच्या नावामागं 'कै.' छापू दिलं नाही, त्यावरून दिराशी बोलणं तुटलं ते तुटलंच.

कामगार होडीच्या तळाला चिकटलेली कालवं खरवडत होते. मध्येच थांबले. धनेश वाकला, बोट घालून बघितलं, मग होडीच्या मागच्या बाजूला गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"मावशी, ही खडकानं फुटलेली नाही. तीन भोकं आहेत, एका ओळीत. आतून ड्रिलनं पाडलीत. बाकाखाली फोम होता, म्हणून बुडाली नाही. आणि इंजिन लाटेनं उखडलं असतं तर मागची फळी फाटली असती. बोल्ट पान्यानं सोडवलेत."

इंदुताईंना बूट आठवले. जन्मभर अनवाणी होडीवर चढणाऱ्या माणसानं त्या सकाळी पिशवीत बूट घातले होते. इस्त्रीचा शर्ट आणि आधार कार्डही. समुद्रात तपासणी असते, म्हणाला होता. मग बूट कशाला, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही. नंतरच्या सात वर्षांत स्वतःलासुद्धा नाही.

"काम थांबवतो," धनेश म्हणाला. "पोलिसांना कळवू. शोध लागेल. माणूस जिवंत असणार, मावशी."

"असेल," इंदुताई म्हणाल्या. "तुम्ही कापा."

कटर सुरू झाला. पांढरी धूळ उडाली. धनेशनं संमतीचा कागद पुढं केला. त्यावर मालकाच्या नावापुढं दोन चौकोन होते. एक बेपत्ता, एक मयत.

इंदुताईंनी 'मयत'वर खूण केली आणि खाली सही केली.