निम्मी माफी

पूर ओसरून महिना झाला होता. पाहणीला आलेल्या कारकुनाने भिंतीवरचा चिखलाचा पट्टा मोजला आणि घरातल्या सुनेला विचारलं, “इथे कुणी राहतं का? घर राहण्याजोगं नसेल तर घरपट्टी पूर्ण माफ होईल, राहतं असेल तर निम्मी.” शेजारणीने तिला ‘नाही’ म्हणायला पढवलं होतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून सासरे गरजले, “म्हणजे? मी काय भूत आहे?” पडकी भिंत बांधता बांधता, सिमेंटने माखलेल्या हातांनी ते म्हातारे गवंडी बाहेर आले. “बाबा, पूर्ण माफी मिळतेय,” ती कळवळली. “ती मिळू दे घरं वाहून गेलेल्यांना. आपलं निम्मं उभं आहे, निम्मीच घेऊ.” तिला राग आला, मग हसू. महिनाभर तिच्या मनात माहेरी निघून जायचं घोळत होतं. तिने कारकुनाकडून पेन घेतलं, त्याच्या अर्जावर ‘राहतं घर’ या रकान्यात खूण केली आणि सांगितलं, “बाबा, भिंतीला पाणी मी मारते.”