एक टाका

शैलेशशेठची छत दुमडणारी जुनी मोटार सीटा नव्याने मढवायला कामतघरला महादूच्या दुकानात आली होती. वर्षभरापासून महादूचे हात थरथरायचे, म्हणून चामड्याचा टाका न् टाका त्याच्या बायकोने, कमळने घातला. गिऱ्हाइकांना हे ठाऊक नव्हतं.

शेठ गाडी न्यायला आला तेव्हा कमळ मागच्या सीटवर बसून शेवटची शिवण चाचपत होती.

"ए बाई, उतर खाली! कोण रं ही?"

"झाडायला येते, शेठ," महादू बोलून गेला.

कमळ उतरली. बसली होती त्या जागेवरून तिने पदर फिरवला आणि कोपऱ्यातला झाडू उचलला.

शेठने शिवणीवरून बोट फिरवलं. "काय हात हाय तुझा, महादू! एक टाका घालून दाखव, व्हिडिओ काढतो."

महादूने सुई घेतली. दोरा काही केल्या नेढ्यातून जाईना. शेठ मोबाइल धरून उभाच होता.

"ऱ्हाऊ द्या, शेठ," मागून कमळ म्हणाली. "महिनाभर एकट्यानं शिवलंय त्यांनी. हात भरून आलेत."