पास

भूपेंद्रनं गळ्यातला पास काढला आणि गेटवरच्या टेबलावर ठेवला.

“हे काय?” इश्वरनं विचारलं. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या या गेटवर तो बारा वर्षं पहारा देत होता. पास दाखवून आत जाणारी हजारो माणसं त्यानं पाहिली होती. पास देऊन टाकणारा हा पहिलाच.

“जमा कर. मी आज आत जात नाही.”

“काहून? उद्या कोठाराच्या जागेसाठी तुही पडताळणी हाय. कोठाराच्या चाव्या तुह्या हाती येऊन राहिल्या, अन् तू असा?”

भूपेंद्रनं आडपडदा न ठेवता सांगितलं. चार महिने झोप अशी नाहीच. बसल्या जागी छाती धडधडते, घाम फुटतो. काल तोफगोळ्यांना फ्यूज बसवता बसवता मधली काही मिनिटं डोक्यातून पुसलीच गेली. भानावर आला तेव्हा ट्रे भरलेला होता. आपण तो कसा भरला, काही आठवेना. त्यानं पूर्ण ट्रे पुन्हा तपासून घेतला. सगळं नीट निघालं, पण त्याला घाबरवायला न आठवणंच पुरेसं होतं.

इश्वरनं आवाज खाली आणला. “नीट निघालं ना? मंग उद्या कागदावर ‘आजार नाही’ लिही अन् मोकळा हो. वेड्याचा शिक्का एकदा बसला का पुसत नाही, बाप्पा.”

“शिक्का एकट्या माह्यावर बसेल,” भूपेंद्र म्हणाला. “त्या खोलीत आम्ही नऊ जण बसतो.”

इश्वरनं आत फोन लावला.

सुरक्षा अधिकारी रामटेके यांनी त्याला गेटजवळच्या आपल्या खोलीत बसवून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “डॉक्टरला दाखवलं?”

“नाही साहेब.”

“का नाही?”

“पास जाईल म्हणून.”

“म्हणजे पास राहावा म्हणून तुम्ही चार महिने असेच आत जात होते.”

कारखान्यात लागल्यापासून इतकं खरं भूपेंद्रला कोणी तोंडावर ऐकवलं नव्हतं.

“आज तुम्हाला आत सोडता येणार नाही,” रामटेके म्हणाले. “उद्याची पडताळणी थांबवतो. कोठाराची जागा दुसऱ्याला जाईल. खोटी आशा लावत नाही.”

चाव्यांची बातमी त्याच्या गावी, कोंढ्याला, केव्हाच पोचली होती. त्याचा बाप, श्यामराव, पानठेल्यावर भेटेल त्याला सांगत होता. भूपेंद्रच्या डोळ्यांपुढे तो चेहरा आला. तरी तो खुर्चीवरून हलला नाही.

“अन् नोकरी?”

“नोकरी कुठं जाते? डॉक्टरांचं लेखी येईपर्यंत बाहेरच्या ऑफिसात बसा. उपचार घेऊन पुन्हा आत गेलेले लोक आहेत इथं. नावं सांगणार नाही. तुमचंही कोणाला सांगणार नाही.” त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि तो भूपेंद्रकडे फिरवला. “वाचा अन् सही करा.”

झोप नाही, छातीची धडधड, कालचा ट्रे, सगळं तिथं होतं. खाली लिहिलं होतं, ‘उपचार घेतलेले नाहीत.’ आणि त्याच्याही खाली, ‘कर्मचाऱ्याने स्वतःहून कळवले.’

भूपेंद्रनं दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. मग बापाच्या नावासकट पूर्ण सही केली.

बाहेर आला तेव्हा पाळीचे उरलेले लोक गेटवर रांगेत होते. तिथंच उभं राहून त्यानं घरी बायकोला फोन लावला.

“तृप्ती, तयार होऊन राह्य. भंडाऱ्याच्या दवाखान्यात जायचं हाय.”

“अगं बाई! कोणाले काय झालं?”

रांगेतली दोन-चार डोकी वळली. भूपेंद्रनं आवाज खाली आणला नाही.

“मले,” तो म्हणाला. “मले दाखवायचं हाय.”